मळलेली वाट सोडण्याआधीचे साठ प्रश्न : ‘ओ-नेट इंटरेस्ट प्रोफायलर’चे परीक्षण

शिक्षण, नोकरी, बढती आणि निवृत्ती ही इतरांनी आणि बऱ्याच अंशी आपणही गृहीत धरलेली वाट सोडून मनाजोगत्या कामाकडे वळू पाहणाऱ्या माणसाला सल्ल्यांची वानवा कधीच नसते. एक जण सांगतो की मनाचा कौल ऐकावा, दुसरा बजावतो की हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. आणि गंमत अशी, की समोरच्या माणसाला नेमके कोणते काम करताना वेळेचे भान राहत नाही, हे विचारण्याची गरज दोघांपैकी एकालाही वाटलेली नसते. हा साधा प्रश्न पद्धतशीरपणे विचारणाऱ्या ज्या चाचण्या आज सहज उपलब्ध आहेत, त्यांपैकी ‘ओ-नेट इंटरेस्ट प्रोफायलर’ मला सर्वांत प्रामाणिक वाटते. ती इंटरनेटवर मोफत आहे, तिच्यासाठी नावनोंदणी करावी लागत नाही आणि शांतपणे बसून भरली तरी ती अर्ध्या तासाच्या आत पूर्ण होते. परीक्षण करणाऱ्याची बाजू वाचकाला ठाऊक असावी म्हणून सांगते, की बरीच वर्षे हिशेबतपासणीचे काम केल्यानंतर मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढण्याच्या व्यवसायाकडे वळले, आणि ही चाचणी मी त्या वळणाच्या अलीकडेही भरली आहे आणि पलीकडेही. त्यामुळे शाळा-कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या मुलांना ती कितपत उपयोगी पडते यापेक्षा, एका क्षेत्रात स्थिरावलेल्या आणि तरीही तिथे न रमलेल्या माणसाच्या हाती ती काय देते, या अंगाने मी तिच्याकडे पाहते आहे.

चाचणीची पार्श्वभूमी थोडक्यात सांगण्यासारखी आहे. ‘ओ-नेट’ हा अमेरिकेच्या श्रम विभागाच्या पुढाकाराने तयार झालेला आणि १९९८ साली खुला झालेला व्यवसायविषयक माहितीचा संग्रह आहे. त्याने १९३९ पासून चालत आलेल्या ‘डिक्शनरी ऑफ ऑक्युपेशनल टायटल्स’ या जाडजूड कोशाची जागा घेतली. संग्रहाला जोडलेली रुचीची ही चाचणी मुळात १८० प्रश्नांची होती, आणि २०१० साली तिची ६० प्रश्नांची संक्षिप्त आवृत्ती तयार झाली, जी आज बहुतेक जण भरतात. तिच्या मुळाशी जॉन हॉलंड या मानसशास्त्रज्ञाचा १९५९ साली मांडलेला सिद्धान्त आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैन्यात दाखल होणाऱ्यांच्या मुलाखती घेण्याचे काम हॉलंड करत असत, आणि माणसांच्या कामाचे पूर्वेतिहास कितीही वेगळे दिसले तरी ते मोजक्याच साच्यांत बसतात, ही त्यांची अटकळ तिथली. पुढे त्यांनी रुचीचे सहा प्रकार कल्पिले : हातांनी आणि यंत्रांनी काम करण्यात रमणारा रिअॅलिस्टिक, प्रश्नांची उकल करण्यात रमणारा इन्व्हेस्टिगेटिव्ह, नवनिर्मितीत रमणारा आर्टिस्टिक, माणसांना शिकवण्यात आणि सावरण्यात रमणारा सोशल, व्यवहार आणि नेतृत्व यांत रमणारा एंटरप्रायझिंग, आणि नोंदी, नियम व नेटकेपणा यांत रमणारा कन्व्हेन्शनल. सर्वसाधारणपणे कोणीही माणूस यांतल्या एकाच प्रकारचा नसतो, तर सहाही प्रकार त्याच्यात कमी-अधिक प्रमाणात असतात, हे हॉलंड यांच्या मांडणीतले मर्म आहे. चाचणीची सारी उपयुक्तता मला तिथेच दिसते.

आता प्रत्यक्ष चाचणीकडे वळू. सुरुवातीच्या सूचनांमध्ये एक वाक्य आहे, ज्यावर घाईने पुढे जाणाऱ्याची नजर ठरत नाही : उत्तर देताना त्या कामासाठी लागणारे शिक्षण आपल्याकडे आहे की नाही आणि त्यातून किती पैसे मिळतील, याचा विचार करू नये. वाचायला ही सूचना सोपी आहे, पाळायला मात्र महाकठीण. वर्षानुवर्षे प्रत्येक निवड पगार, प्रतिष्ठा आणि ‘लोक काय म्हणतील’ या तीन गाळण्यांतून काढायची सवय लागलेल्या माणसाच्या मनात आवड उमटण्याच्या आधीच तिचा हिशेब मांडला जातो, आणि ‘आवडते’ या खुणेकडे निघालेले बोट ‘सांगता येत नाही’ या मधल्या खुणेवर येऊन थांबते. मधल्या खुणेवर जितक्या जास्त वेळा बोट गेले, तितका हा हिशेब आत खोल रुजलेला आहे, असे खुशाल समजावे.

प्रश्न म्हणजे एकेक छोटे काम असते आणि त्याखाली रागावलेल्या चेहऱ्यापासून हसऱ्या चेहऱ्यापर्यंत पाच चेहरे असतात. स्वयंपाकघरातली कपाटे बनवणे, विटा किंवा फरश्या बसवणे, नवे औषध विकसित करणे, पाण्याचे प्रदूषण कमी करण्याच्या उपायांचा अभ्यास करणे, पुस्तके किंवा नाटके लिहिणे, वाद्य वाजवणे, एखाद्याला व्यायामाचा क्रम शिकवणे, शेअर आणि रोखे यांची खरेदी-विक्री करणे, दुकानाचे व्यवस्थापन पाहणे, संगणकावर स्प्रेडशीट तयार करणे, नोंदी किंवा फॉर्म बारकाईने तपासणे, अशी ही कामे एकापाठोपाठ एक येत राहतात. यांत कुठेही पदाचे नाव नाही, दर्जा नाही, की ‘तुम्हाला यशस्वी लेखक व्हायला आवडेल का’ असा मोहात पाडणारा प्रश्न नाही. मला ही रचना फार मोलाची वाटते. वाट बदलण्याची स्वप्ने बहुधा पदाभोवती विणलेली असतात : चित्रकार, लेखक, छायाचित्रकार, प्रवासी. पद मिळवण्याची ओढ आणि त्या पदाखालचे रोजचे काम करण्याची ओढ या दोन गोष्टी एकाच माणसात असतीलच असे नाही, आणि पुस्तक लिहून झालेले हवे असणारे पण लिहीत बसणे नकोसे वाटणारे लोक सगळ्यांच्याच ओळखीत असतात. पद बाजूला सारून केवळ क्रिया समोर ठेवली, की या दोन ओढींमधले अंतर बऱ्याच जणांना पहिल्यांदा जाणवते.

तरीही प्रश्नांचा आटोपशीरपणा काही ठिकाणी नडतो. ‘पुस्तके किंवा नाटके लिहिणे’ या एका ओळीत पुनर्लेखन, नकार, मुदती आणि महिनोन्महिने एकाच मजकुराशी चाललेली झटापट यांपैकी काहीच दिसत नाही, आणि हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवणाऱ्याला आपण नेमके कशाला होकार देत आहोत हे कळत नाही. म्हणून साठ प्रश्न संपल्यावर प्रत्येकाने स्वतःच्या मनातल्या व्यवसायाचे असेच बारीक तुकडे करून त्यांनाही तेच पाच चेहरे लावून पाहावेत, असे मी सुचवेन. माझ्या कामाचे उदाहरण घेते. एकच पात्र निरनिराळ्या कोनांतून काढताना त्याचे नाक आणि कान पानोपानी तेच ठेवणे. दोन पानांवर पसरलेल्या चित्रात पात्राचा चेहरा बरोबर पुस्तकाच्या घडीत जाणार नाही, अशी मांडणी करणे. मजकुरासाठी चित्रात जागा मोकळी सोडणे आणि मजकूर वाढल्याचे कळल्यावर ती पुन्हा आखणे. जीव ओतून रंगवलेले आभाळ संपादकाला गडद वाटले म्हणून पुसून नव्याने रंगवणे. झालेल्या कामाचे बिल पाठवणे, आणि ते थकले की सभ्य शब्दांत आठवण करून देणे. यांतल्या बिलाच्या आणि थकबाकीच्या ओळींना माझा चेहरा अजूनही आंबट असतो, पण घडीतल्या चेहऱ्याचा प्रश्न सोडवताना जेवायची आठवण राहत नाही. असा ताळेबंद मांडून पाहिल्यावर निम्म्याहून अधिक तुकड्यांना नाराज चेहरा लागत असेल, तर राजीनामा लिहिण्याआधी थोडे थांबलेले बरे.

शेवटी जो निकाल हाती येतो, त्यात सहा प्रकारांपुढे सहा आकडे असतात, आणि प्रत्येकाची कमाल मर्यादा ४० असते. सर्वांत वरच्या दोन-तीन प्रकारांवरून आपली रुची ओळखावी, अशी पद्धत आहे. माझ्या निकालात आर्टिस्टिक सर्वांत वर आला याचे मला काहीच नवल वाटले नाही. नवल वाटले ते त्याच्या पाठोपाठ, अगदी खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या कन्व्हेन्शनलचे. ज्या कामाला कंटाळून मी बाहेर पडू पाहत होते, त्या कामाचा हा प्रकार. हॉलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली हे सहा प्रकार एका षट्कोनाच्या कोपऱ्यांवर मांडले, आणि शेजारचे कोपरे स्वभावाने जवळचे तर समोरासमोरचे कोपरे सर्वांत दूरचे, असे दाखवून दिले. त्या आकृतीत आर्टिस्टिक आणि कन्व्हेन्शनल हे बरोबर समोरासमोर येतात. रिअॅलिस्टिकसमोर सोशल आणि इन्व्हेस्टिगेटिव्हसमोर एंटरप्रायझिंग, या इतर दोन जोड्या. परस्परविरुद्ध कोपऱ्यांवर ज्याची रुची सारखीच वर जाते, त्याच्या रुचीत सुसंगती कमी असते असे हॉलंड यांची परिभाषा सांगते, आणि अशा माणसाला दोन्ही गरजा भागवणारा व्यवसाय सापडणे अवघड जाते, हे ओघानेच येते.

या निकालाचा अर्थ चाचणी आपल्याला समजावून सांगत नाही, तो आपणच लावायचा असतो, आणि इथे घाई केली तर मोठीच गफलत होऊ शकते. वाट सोडणाऱ्या माणसाला मागची वाट संपूर्णपणे परकी होती असे मानायला आवडते, कारण त्यामुळे निघणे सोपे होते. आपण इतकी वर्षे खोटे जगलो आणि आता खरे जगणार आहोत, ही मांडणी ऐकायलाही भारदस्त वाटते. आकडे मात्र तिला दुजोरा देत नाहीत. माझ्या बाबतीत, रकाने जुळले की होणारा आनंद खरा होता. तो कोणी माझ्यावर लादलेला नव्हता, आणि नोकरीत मला नकोशा होत्या त्या गोष्टी वेगळ्याच होत्या : कामाचा विषय, वर्षअखेरीची धावपळ, आणि दिवसाकाठी स्वतःचे म्हणावे असे काहीही निर्माण न होणे. चित्रांच्या कामात आल्यावर तोच नेटकेपणा मी पानांचे आराखडे, रंगांच्या नोंदी आणि मुदतींचे तक्ते यांत वापरते, आणि त्याची मला लाज वाटत नाही. स्वतःला स्वीकारायचे म्हटले की आपल्यातला बंडखोर, कलंदर भाग तेवढा कवटाळायचा आणि शिस्तप्रिय, हिशेबी भागाला ‘घरच्यांनी लादलेला’ म्हणून हाकलायचे, असा एक प्रघात पडून गेला आहे. सहा आकड्यांचा निकाल समोर ठेवला की ही निवडानिवड करता येत नाही, आणि या चाचणीच्या बाजूने मला सांगण्यासारखी हीच सर्वांत मोठी गोष्ट आहे.

वळण घेतल्यानंतर पुन्हा भरलेल्या चाचणीत माझे आकडे थोडेफार हलले, पण त्यांचा क्रम तसाच राहिला. हे अपेक्षितच होते. व्यावसायिक रुचीच्या स्थैर्यावरील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००५ साली प्रसिद्ध झाला, आणि शालेय वय ओलांडल्यावर माणसाच्या रुची बऱ्यापैकी स्थिरावतात, असे त्यात दिसून आले. त्यामुळे ‘ही तात्पुरती लहर आहे, जाईल’ या घरच्या आक्षेपाला एक व्यवहार्य उत्तर मिळते : काही महिन्यांच्या अंतराने चाचणी पुन्हा भरावी, आणि पहिला निकाल न पाहता भरावी. लहर असेल तर क्रम बदलेल.

निकालानंतरचा टप्पा म्हणजे व्यवसायांची यादी, आणि इथे चाचणीचा दर्जा थोडा घसरतो. त्या त्या व्यवसायासाठी किती पूर्वतयारी लागते, यानुसार पाच पायऱ्या केलेल्या आहेत. आपण हवी ती पायरी निवडायची आणि त्या पायरीवरचे आपल्या रुचीशी जुळणारे व्यवसाय पाहायचे. कल्पना चांगली आहे. यादीतले अनोळखी नाव उघडले की त्या व्यवसायात प्रत्यक्ष काय करावे लागते, कोणते ज्ञान आणि कोणती कौशल्ये लागतात, कोणती साधने वापरली जातात, हे मोजक्या ओळींत मिळते, आणि ज्यांचा विचारही मनात आला नव्हता असे व्यवसाय त्यातून समोर येतात. परंतु वेतनाचे आणि भावी संधींचे आकडे केवळ अमेरिकेतले आहेत, त्यामुळे इतरत्र राहणाऱ्याने ते निःशंकपणे बाजूला ठेवावेत. चाचणी इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये आहे. मराठीत विचार करणाऱ्याला काही प्रश्न स्वतःशी उलगडून घ्यावे लागतात. शिवाय नोकरी म्हणून केलेले काम आणि स्वतंत्रपणे केलेले तेच काम यांत जो जमीन-अस्मानाचा फरक असतो, तो या यादीत पुसट होऊन जातो. वाट सोडणाऱ्या पुष्कळांना मुळात वेगळा व्यवसाय नकोच असतो, त्यांना तेच काम स्वतःच्या वेळेने आणि स्वतःच्या नावाने करायचे असते. अशांना ही यादी फारसे काही सांगत नाही.

याहून मूलभूत मर्यादा अशी, की चाचणी केवळ रुची मोजते. कौशल्य, चिकाटी, शिल्लक, जबाबदाऱ्या आणि जोखीम पेलण्याची ताकद यांपैकी ती काहीही मोजत नाही, आणि तसा दावाही करत नाही. रुची जुळली की समाधान आपोआप येईल, असे ज्यांना वाटते त्यांनी २०२० साली प्रसिद्ध झालेला एक व्यापक आढावा ध्यानात घ्यावा. रुची आणि काम यांची जुळणी व कामातले समाधान यांच्यातला सहसंबंध त्यात ०.१९ इतका निघाला (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पुरेपूर संबंध). तो शून्य नाही, म्हणजे जुळणीला अर्थ आहे. पण तो इतका थोडका आहे, की समाधानाचा मोठा वाटा वरिष्ठ, सहकारी, मोबदला, कामातली मोकळीक आणि दिवसाचे वेळापत्रक यांच्याकडे जात असणार, हे उघड आहे. ज्याला आपल्या साहेबाचा वैताग आला आहे त्याने षट्कोनात स्वतःला शोधत बसण्यापेक्षा आधी विभाग बदलून पाहावा, हे सांगणारी सूचना चाचणीच्या पहिल्या पानावर असती, तर अनेकांचे श्रम वाचले असते.

आणखी एक इशारा ‘आपली आवड शोधा’ या लाडक्या सल्ल्याबद्दलचा आहे. पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन या मानसशास्त्रज्ञांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले, की आवड ही आपल्या आत तयारच असते आणि ती फक्त सापडायची बाकी असते असे मानणारे लोक, नव्या विषयात अडचणी येऊ लागल्या की लवकर ढेपाळतात. आवड सहवासाने आणि सरावाने वाढते असे मानणारे त्यामानाने टिकतात. चाचणीचा निकाल हाती घेऊन ‘सापडली एकदाची’ असे म्हणणारा माणूस पहिल्या गटात जाऊन बसण्याचा धोका आहे. आर्टिस्टिकपुढे ३५ दिसले म्हणून पहिले वर्ष सुखाचे जाईल, असे काही नसते.

इतर चाचण्यांशी तुलना अपरिहार्य आहे, म्हणून थोडक्यात करते. माणसाला चार अक्षरांचे लेबल लावणाऱ्या किंवा त्याला एखाद्या प्राण्याची उपमा देणाऱ्या व्यक्तिमत्त्व चाचण्या अधिक लोकप्रिय आहेत, कारण त्यांचे निकाल वाचताना छान वाटते. का वाटते, याचे उत्तर बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ सालीच देऊन ठेवले आहे : त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांची चाचणी घेतली, निकाल म्हणून प्रत्येकाच्या हाती शब्दशः एकच वर्णन ठेवले, आणि विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी चारहून अधिक गुण दिले. ‘तुमच्यात न वापरलेली पुष्कळ क्षमता आहे’ हे वाक्य कोणाला लागू पडत नाही? ओ-नेटच्या चाचणीत अशी गोड वर्णने जवळजवळ नाहीत. आपण जे सांगितले, त्याचीच बेरीज ती आपल्यापुढे ठेवते. तिचा निकाल रुक्ष वाटतो ही तक्रार मी पुष्कळदा ऐकली आहे, आणि मला तो रुक्षपणा गुणच वाटतो.

चाचणी भरण्याचीही एक रीत आहे, जी सूचनांत सांगितलेली नाही पण सांगायला हवी. एकट्याने, कोणी खांद्यावरून डोकावत नसताना ती भरावी. मग शक्य असेल तर आपल्याला दीर्घकाळ ओळखणाऱ्या एखाद्या माणसाला, शक्यतो ज्याचा आपल्या निर्णयात काही स्वार्थ नाही अशाला, आपल्या वतीने ती भरायला सांगावी. दोन निकालांत जिथे मोठी तफावत पडते तिथे बोलण्यासारखे खूप काही असते : एक तर आपण ते अंग इतरांना कधी दिसूच दिलेले नसते, किंवा ते अंग आपल्यापेक्षा आपल्या कल्पनेतच अधिक असते. आई-वडिलांना किंवा जोडीदाराला निकाल दाखवून त्यांचे मन वळवण्याचा बेत मात्र कोणी करू नये. ज्यांना आपल्या पोटापाण्याची काळजी आहे, त्यांना षट्कोन दाखवून ती मिटत नसते. त्यांना पुढच्या वर्षाचा खर्च कसा भागणार, याचा कागद दाखवावा लागतो.

त्या कागदाच्या संदर्भात एक आकडा उपयोगी आहे. जोसेफ रॅफी आणि जी फेंग यांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नोकरी न सोडता बाजूला स्वतःचा व्यवसाय सुरू करून मग पूर्णवेळ त्यात उतरलेल्यांचा व्यवसाय बंद पडण्याचा धोका, एकदम उडी घेणाऱ्यांच्या तुलनेत ३३ टक्क्यांनी कमी आढळला. उडीचे किस्से ऐकायला रोमांचक असतात, आणि म्हणून तेच सांगितले जातात. पण नीट पाहिले तर नावाजलेल्या उड्यांमागेही लांबलचक तयारी असते. डॉ. श्रीराम लागू यांनी कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियांचा व्यवसाय सोडून १९६९ साली, चाळिशी ओलांडल्यावर, पूर्णवेळ नट होण्याचा निर्णय घेतला, हे सर्वांना ठाऊक असते. वैद्यकीय शिक्षणाच्या दिवसांपासून ते हौशी रंगभूमीवर सातत्याने काम करत आले होते, हे सांगायचे राहून जाते. डॉ. मोहन आगाशे यांनी तर मनोविकारतज्ज्ञ म्हणून आपले काम चालू ठेवूनच रंगभूमी आणि चित्रपट केले, आणि दोहोंपैकी एकाला सोडचिठ्ठी देण्याची त्यांना गरज पडली नाही. समोरासमोरच्या कोपऱ्यांवर ज्यांचे आकडे सारखे चढलेले आहेत, त्यांनी या दुसऱ्या शक्यतेचा विचार अधिक गांभीर्याने करावा. चाचणीच्या यादीत ‘दोन्ही’ असा पर्याय नाही. तो आपल्यालाच लिहावा लागतो.

बाजूला व्यवसाय करून पाहण्याचा आणखी एक फायदा असा, की आवडीला पैशांची जोड दिल्यावर तिचे काय होते, हे कमी खर्चात समजते. मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांचा १९७३ सालचा प्रयोग या बाबतीत प्रसिद्ध आहे : रंगीत पेनांनी आनंदाने चित्रे काढणाऱ्या बालवाडीतल्या मुलांपैकी ज्यांना चित्र काढल्यास प्रमाणपत्र मिळेल असे आधी सांगितले गेले, त्यांचा पुढे आपणहून चित्रे काढण्याचा ओढा कमी झाला, तर ज्यांना तेच प्रमाणपत्र अनपेक्षितपणे मिळाले त्यांचा झाला नाही. मोठ्या माणसांच्या व्यवसायाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही, पण माझ्यापुरते सांगायचे तर पहिल्या मोबदल्याच्या चित्रांनंतर काही काळ मी स्वतःसाठी एकही रेघ ओढली नव्हती. ती सवय पुन्हा लावून घ्यावी लागली. आता आठवड्यातली एक सकाळ मी कोणालाही न दाखवण्याच्या चित्रांसाठी राखून ठेवते.

मग ही चाचणी कोणी भरावी? ‘काहीतरी वेगळे करायचे आहे, पण नेमके काय ते कळत नाही’ या अवस्थेत असलेल्या प्रत्येकाने ती जरूर भरावी; खर्च काही नाही, आणि धूसर अस्वस्थतेला क्रियांची नावे मिळतात. जी व्यक्ती एका ठरावीक स्वप्नाच्या प्रेमात आहे तिनेही ती भरावी, मात्र वर सांगितल्याप्रमाणे त्या स्वप्नाचे तुकडे करून. सहाही आकडे जवळजवळ सारखेच आले तर निराश होण्याचे कारण नाही. हॉलंड यांच्या मांडणीत अशा सपाट निकालाचा अर्थ रुचींमध्ये अजून ठळक भेद पडलेला नाही इतकाच असतो, आणि त्यावर चाचणी पुन्हा भरणे हा उपाय नसून निरनिराळी कामे थोडी थोडी करून पाहणे हा आहे. बऱ्याच प्रश्नांना आपण केवळ ऐकीव माहितीवर उत्तरे दिली होती, हे तेव्हा ध्यानात येते. दीर्घकाळच्या थकव्याने किंवा उदासीने ज्याला कशातच रस वाटेनासा झाला आहे, त्याने मात्र ती आत्ताच भरू नये : त्या अवस्थेत साठही कामांना नाराज चेहरा लागतो आणि तो निकाल कामाबद्दल काहीच सांगत नाही; आधी विश्रांती किंवा डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आणि ज्याचा निर्णय पक्का झाला आहे, बाजूला सुरू केलेले काम हळूहळू उभे राहते आहे, त्याला या चाचणीची गरज उरलेली नाही. त्याने तो अर्धा तास थकलेल्या बिलांची आठवण करून देण्यात घालवावा.